काचेवरील अम्लकोरीव लेख व त्यांची परीक्षा

जुन्या कागदावर नव्या शाईनें लिहिलेला लेख संशोधकांस अपरिचित नाहीं. कागदाचें वय तें लेखाचें वय नव्हे, हा नियम हस्तलिखितांच्या बाबतींत आपण कटाक्षानें पाळतों. तोच काचपात्रांवरील लेखांसही लावावा, असें आम्हांस वाटतें.

काच कोरण्याची जुनी रीत चाकाची. तांब्याच्या लहान फिरत्या चाकास कुरुंदाची पूड व तेल लावून नक्षी घासून काढीत. दुसरी रीत अम्लाची. फ्लोरस्पार नांवाच्या खनिजावर गंधकाम्लाची क्रिया केली असतां हायड्रोफ्लोरिक अम्ल निघतें. तें काचेंतील सिलिका खातें. स्वीडनमधील रसायनज्ञ शेले यानें त्याचें विवेचन १७७१ सालीं केलें. न्यूरेंबर्गच्या हाइन्रिख श्वानहार्टला अम्लानें काच कोरण्याची युक्ति १६७० च्या सुमारास साधली होती, अशी परंपरा आहे. तथापि कारखान्यांतून तिचा सर्रास उपयोग एकोणिसाव्या शतकांतच होऊं लागला.

कृति अशी. काचेवर मेणाचा लेप देऊन त्यांत सुईनें अक्षरें काढावयाचीं. मेणास अम्ल बाधत नाहीं, उघडी पडलेली काच मात्र झिजते. नुसत्या अम्लानें रेघ पारदर्शक उठते. फ्लोराइड क्षारांच्या योगें ती धुरकट होते. अशा क्षारांचा तयार लेप आज बाजारांत मिळतो व हौशी लोक चिकटपट्टीचा साचा कापून घरींच काच कोरतात. त्यामुळें जुन्या पेल्यावर जुनें नांव व सन उठविणें हें एका दुपारचें काम झालें आहे.

परीक्षा भिंगानें करावी. चाकाच्या खाचेंत सूक्ष्म समांतर ओरखडे दिसतात व तिचीं टोकें निमुळतीं असतात. अम्लाच्या रेघेंत असे ओरखडे नसतात. तिची खोली बहुधा सारखी असते व कांठ किंचित् आंत खाल्लेला दिसतो. सतराव्या शतकाच्या आरंभींचा सन अम्लानें कोरलेला आढळल्यास तो मागाहून घातला, असेंच समजावें. उलट, चाकाची खूण दिसली एवढ्यावरून लेख जुना ठरत नाहीं. चाक आजही चालतें.

पडताळ्यासाठीं मूळ पात्रास अम्ल लावूं नये. गेलेली काच परत येत नाहीं. शिवाय हें अम्ल त्वचेंतून खोल शिरून शरीरांतील कॅल्शियम बांधून टाकतें, आणि वेदना कित्येकदां तासांनंतर जाणवते. म्हणून तें घरीं हाताळूंच नये.

संग्राहकांनीं आपल्या नोंदवहींत पात्राचा काळ व लेखाचा काळ असे दोन निराळे रकाने ठेवावे, आणि दुसरा रकाना पुराव्यावांचून भरूं नये.