जुनी पेटी ऑनलाइन घेताय? आधी हे तपासा

सुरतच्या कतारगाममध्ये एका घरी विकायला काढलेली पेटी पाहून आलो. जाहिरात होती, 'हार्मोनियम, चालू कंडिशन, जर्मन रीड.' विकणाऱ्या भाईंना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. आजोबांची पेटी, माळ्यावर पडून होती. आवाज निघतो म्हणजे चालू!

अशा वेळी तपासणी आपणच करायची.

👉 भाता: हवा भरा, एकही पट्टी दाबू नका. हवा झपकन उतरली तर गळती आहे. पट्टी न दाबताच सूर वाजला तर तिची झडप नीट बसत नाही. दोन्ही दोष कारागीर काढून देतो.

👉 सूर: झाकण उघडून पितळी पात्या (रीड) बघा. सूर मिळवताना त्या घासाव्या लागतात; फार खरवडलेल्या असतील तर सावध. खर्ज, नर, मादी, पात्यांची प्रत्येक ओळ वेगळी वाजवून घ्या.

या पेटीत एक सूर मुका होता. पातीखालून पातळ कागद फिरवला, धूळ निघाली, सूर बोलू लागला. प्रत्येक मुका सूर मेलेला नसतो.

👉 स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून स्वर बदलता येणारी पेटी) असेल तर: प्रत्येक घरात सरकवून सगळ्या पट्ट्या वाजवा.

👉 लाकूड: वाळवी दिसली तर सरळ नमस्कार करून निघा.

नुसत्या 'जर्मन रीड' या शब्दावर जास्त पैसे मोजू नका. आपल्या गुजरातेतल्या पालीताण्याचे रीडही नावाजलेले आहेत.

पेटी लांबची असेल तर डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी सावकाश वाजवल्याचा व्हिडिओ मागवा.

कुठली पेटी हेरून ठेवली असेल तर फोटो टाका, काही शंका असतील तर जरूर विचारा.