एक फळा, दोन खडू

समजा, तुमच्या शाळेतील विज्ञान प्रदर्शनाला दोन दारे आहेत आणि येणाऱ्यांची संख्या एकाच फळ्यावर लिहायची आहे. फळ्यावर ४० हा आकडा आहे. दोन्ही दारांतून एकाच वेळी एकेक पाहुणा आला. दोन्ही स्वयंसेवकांनी ४० वाचले, मनात एक मिळवला आणि पाठोपाठ ४१ लिहिले. पाहुणे ४२, फळा सांगतो ४१! बेरीज दोघांचीही बरोबर. मग चुकले कोठे? वाचणे, मिळवणे आणि लिहिणे या तीन क्रियांच्या मध्ये दुसऱ्याला शिरता आले, तेथे.

संगणकात फळा म्हणजे ‘चल’, आणि एकाच वेळी चालणारी कामे म्हणजे ‘थ्रेड’. ही चूक क्षुल्लक समजू नका. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना किरणांची प्रचंड मात्रा दिली, काही दगावले. निरनिराळ्या कामांनी तेच चल बेसावधपणे वापरणे, हे त्यामागील एक कारण होते.

आता ‘लुआ’ ही भाषा पाहू. ती १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे जन्मली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. ही भाषा बहुधा एखाद्या मोठ्या आज्ञावलीच्या घरी पाहुणी म्हणून राहते. संगणकावरील अनेक खेळ तिचे यजमान आहेत. लुआमध्ये ‘लोकल’ हा शब्द न लावता नवे नाव वापरले, की तो चल सार्वत्रिक होतो, म्हणजे सर्वांचा फळा. ‘लोकल’ लावला, की तो त्या खंडापुरता राहतो, जणू आपल्या वहीतले कच्चे गणित.

मग सगळीकडे ‘लोकल’ लिहिले की झाले? नाही! लुआ आपले सार्वत्रिक चल आणि चालू हिशेबाची चळत एका ‘अवस्थे’त ठेवते. दोन थ्रेड एकदमच एका अवस्थेत शिरले, तर ती चळतच विस्कटते. वहीसुद्धा सुरक्षित राहत नाही.

उपाय दोन. पहिला कुलुपाचा: खडू एकच ठेवा, तो ज्याच्या हाती, त्यानेच फळा वाचायचा व लिहायचा. यात दुसऱ्याला थांबावे लागते. दुसरा, प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र अवस्था द्यायची: दर दाराला वेगळा फळा, बेरीज शेवटी.

मित्राला घेऊन हा प्रयोग करून पाहा. चूक दर वेळी होणार नाही, आणि धोका नेमका तोच आहे. दहा वेळा उत्तर बरोबर आले, म्हणून रीत बरोबर ठरत नाही.