लक्षण आणि विधी : पेकिनीज कुत्र्याचे रूप व स्वभाव

पेकिनीज ह्या नावाने ओळखला जाणारा चिनी कुत्रा वजनाने जेमतेम पाच किलो भरतो. डोके शरीराच्या मानाने मोठे, कवटी वरून सपाट आणि रुंद, डोळे काळेभोर व टपोरे, नाक जवळजवळ दोन डोळ्यांच्या मध्येच बसविलेले. मानेभोवती व खांद्यांवर दाट आयाळ, कानांवर लांब केसांची झालर, शेपटी पाठीवर वळलेली. पुढचे पाय आखूड, जाड व बाकदार; मागचा भाग मात्र निमुळता. त्यामुळे तो चालतो तेव्हा एखादी जड होडी डुलावी तसा डुलतो. स्वभावाविषयी जाणकार सांगतात की हा कुत्रा निर्भय, निष्ठावान, मानी, हट्टी आणि अलिप्त असतो. परक्याने बोलावले असता तो येत नाही, आणि घरच्याने बोलावले तरी आपल्या सवडीने येतो.

भाषेच्या अभ्यासकाने ह्या प्रकरणात का पडावे असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, वरील परिच्छेदातील बहुतेक विशेषणे ही कुत्र्याकडे पाहून केवळ सुचलेली नाहीत. त्यांतील पुष्कळशी आधी शब्द म्हणून अस्तित्वात होती आणि कुत्रा मागाहून त्यांना जुळता केला गेला. वर्णन आणि विधी ह्यांतील सीमारेषा कशी पुसली जाते ह्याचे इतके ठसठशीत उदाहरण केवळ भाषिक सामग्रीत क्वचितच सापडेल.

प्रथम नावाचा विचार करू. ‘पेकिंग’ हे शहराचे जुने पाश्चात्त्य रूप, त्यावरून ‘पेकिनीज’. शहर जगाच्या नकाशावर ‘बीजिंग’ झाले, कुत्रा मात्र पेकिनीजच राहिला. मुंबईचे नाव बदलल्यावरही येथील उच्च न्यायालयाच्या इंग्रजी नावात ‘बॉम्बे’ टिकून आहे, तशातलाच हा प्रकार. चिनी भाषेत त्याला एक जुने नाव आहे, त्याचा अर्थ ‘सिंह-कुत्रा’. शी-त्झू ह्या दुसऱ्या लहान जातीचे नावही ह्याच चिनी शब्दावरून पडले आहे. आता चीन हा काही सिंहांचा देश नव्हे. सिंह तेथे पोचला तो मुख्यतः मूर्तींच्या व कथांच्या रूपाने, आणि त्यात बौद्ध धर्माचा वाटा मोठा होता : मंजुश्री बोधिसत्त्वाचे वाहन सिंह, बुद्धाचे आसन सिंहासन. चिनी कारागिरांनी जो सिंह घडविला तो बहुधा सिंह न पाहताच. त्याचे डोळे बटबटीत, नाक बसके, आयाळ कुरळ्या लडींची. राजवाड्यांच्या दारांशी बसलेले हे दगडी व ब्राँझचे सिंह पाहिले की पेकिनीजचा चेहरा आठवल्यावाचून राहत नाही. न पाहिलेल्या प्राण्याच्या प्रतिमेशी पाळलेल्या प्राण्याची सांगड घातली गेली, असे येथे म्हणावयास हरकत नाही. (सिंह कधीही नसलेल्या बेटाला ‘सिंगापूर’ हे नाव मिळाले, हेही ह्या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे. शब्द प्राण्यापेक्षा दूरवर प्रवास करतो.)

युरोपात हा कुत्रा प्रथम आला तो लुटीबरोबर. १८६० च्या ऑक्टोबरात इंग्रज व फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळचा जुना ग्रीष्मकालीन राजवाडा लुटला व पुढे इंग्रजांनी तो जाळला. तेथे पाच लहान कुत्री सापडली. त्यांतील एक कॅप्टन डन नावाच्या अधिकाऱ्याने व्हिक्टोरिया राणीला नजर केले आणि तिचे नाव ठेवण्यात आले ‘लूटी’. ‘लूट’ हा शब्द इंग्रजीने हिंदुस्थानातूनच उचललेला. म्हणजे चीनमधल्या लुटीतील कुत्रीला आपल्याकडील शब्दाने संबोधून विंडसरच्या वाड्यात ठेवले गेले. ती १८७२ साली वारली. कीलने १८६१ मध्ये काढलेले तिचे तैलचित्र उपलब्ध आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा पुरावा आहे. चित्रातील लूटी हडकुळी वाटावी इतकी सडपातळ आहे, केस बेताचे आहेत, आणि तिचे मुस्कट आखूड असले तरी स्पष्ट दिसते. आजच्या प्रदर्शनांतील पेकिनीज तिच्या शेजारी उभा केला तर दोघे एकाच जातीचे आहेत हे समजावून सांगावे लागेल.

लूटी आणि आजचा पेकिनीज ह्यांच्या मध्ये जी गोष्ट घडली ती म्हणजे लक्षणसंहिता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडमधील व पुढे अमेरिकेतील श्वानमंडळांनी प्रत्येक जातीचे आदर्श रूप व स्वभाव शब्दांत नोंदवून ठेवले. परीक्षक प्रदर्शनात त्या शब्दांवर बोट ठेवून गुण देतो आणि पैदासकार त्या गुणांकडे पाहून जोड्या लावतो. प्राण्यांची लक्षणे सांगण्याची प्रथा आपणांस नवी नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हत्ती, घोडा, गाय ह्यांच्याबरोबर कुत्र्याच्या लक्षणांचेही प्रकरण आहे. आणि बैलबाजारात आजही शेतकरी गोम कोठे आहे हे पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. परंतु ती लक्षणे निवडीची आहेत. हा बैल घ्यावा, तो घेऊ नये, एवढेच ती सांगतात. पाश्चात्त्य संहितेतील लक्षणे घडणीची आहेत. तेथील वाक्ये व्याकरणदृष्ट्या वर्णनपर असतात, क्रियापदे साधी किंवा गाळलेली असतात, पण त्यांचे कार्य आज्ञार्थाचे असते. ‘चेहरा चपटा’ ह्याचा अर्थ ‘चेहरा चपटा आहे’ असा नसून ‘चेहरा चपटा असावा’ असा होतो. आणि ‘असावा’ म्हटले की पुढल्या पिढीला ‘अधिक असावा’ असे वाचले जाते. व्याकरणकाराने लोकांचे बोलणे नोंदवावे आणि शंभर वर्षांनी शाळामास्तराने त्या नोंदीवरून लोकांच्या बोलण्यातील चुका काढाव्यात, तशी ही प्रक्रिया आहे. भेद इतकाच की भाषेत चूक काढणाऱ्याला लोक सहसा दाद देत नाहीत. कुत्र्याला ती मुभा नाही.

ह्या संदर्भात एक मजकूर फार बोलका आहे. चीनची राजमाता त्सू-शी हिच्या नावावर सिंह-कुत्र्याच्या लक्षणांचा एक काव्यमय मजकूर इंग्रजी श्वानग्रंथांतून वारंवार छापला गेला आहे. त्याची सारी प्रसिद्धी इंग्रजी पाठावर उभी आहे, आणि त्याची धाटणी पाहता तो राजमातेचा असावा असे मला वाटत नाही. परंतु कर्ता कोणीही असो, त्यातील एक कलम अतिशय प्रांजळ आहे. कुत्र्याचे पुढचे पाय वाकडे असावेत, म्हणजे त्याला दूर भटकण्याची इच्छाच होणार नाही, असा त्याचा आशय. स्वभावाचा गुण म्हणून जी गृहनिष्ठा वाखाणली जाते ती येथे पायांच्या हाडांतून निर्माण केलेली आहे, आणि तसे उघडपणे म्हटलेही आहे. आखूड व बाकदार पायांमागे जनुकीय कारण आहे हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. एका वाढ-जनुकाची जादा प्रत डाक्सहुंड, बॅसेट व पेकिनीज अशा आखूड पायांच्या अनेक जातींत आढळते.

पायांहूनही नाकाची कथा गंभीर आहे. कवटी आखूड झाली म्हणून आतील मऊ भाग त्याच प्रमाणात आखूड होतो असे नाही. ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासात ज्या मृदुतालूशी आपला नित्य संबंध येतो, तो ह्या कुत्र्यांत पुष्कळदा घशाच्या मार्गात लोंबतो. नाकपुड्या अरुंद असतात. श्वास घेताना मृदुतालू थरथरतो व घरघर ऐकू येते. असा कुत्रा धावत नाही, कारण धावणे त्याला झेपत नाही. बराच वेळ एका जागी बसून राहतो. बोलावल्यावर उशिरा उठतो. आता वर्णनकाराच्या शब्दांकडे पुन्हा पाहावे : ‘अलिप्त’, ‘भारदस्त’, ‘स्वतःच्या मर्जीचा’. ह्या शब्दांत काहीच तथ्य नाही असे मी म्हणत नाही. पेकिनीज पाळणाऱ्यांना त्याच्या मानीपणाचा जो अनुभव येतो तो खोटा ठरविण्याचे कारण नाही. तथापि त्या मानीपणाचा काही भाग हा श्वासाच्या अडचणीचे भाषांतर असावा, असे मानण्यास जागा आहे.

स्वभावाची विशेषणे किती सैल असतात ह्याचा पुरावा दोन दिशांनी मिळतो. पहिला संख्येचा. २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाची माहिती मालकांकडून घेण्यात आली आणि दोन हजारांवर कुत्र्यांच्या जनुकसंचाची छाननी झाली. एका कुत्र्याचे वर्तन दुसऱ्याहून का वेगळे, ह्याचे सुमारे नऊ टक्केच स्पष्टीकरण जातीवरून देता येते, असा निष्कर्ष निघाला. दुसरा पुरावा शब्दार्थाचा. चिनी भाषेत मांडीवरच्या ह्या लहान कुत्र्यांना ‘हाबा’ व ‘बाअर’ अशीही नावे आहेत आणि त्यांचा लाक्षणिक अर्थ ‘लाळघोट्या’, ‘हांजी हांजी करणारा’ असा आहे. लू शुन ह्या थोर लेखकाने १९२५ च्या अखेरीस लिहिलेल्या एका निबंधात, निःपक्षपातीपणाचा आव आणून सत्तेच्या कडेला राहणाऱ्या विद्वानांना हीच उपमा दिली. इंग्रजीत जो कुत्रा कोणापुढे न वाकणारा, तोच चिनी वाक्प्रचारात सर्वांपुढे लोळण घेणारा ठरतो. विशेषणे बोलणाऱ्यांच्या समाजातून आली आहेत. कुत्र्याने ह्या वादात काहीच केलेले नाही.

संहितेतील शब्द बदलला तर काय होते हे पाहण्याची संधीही मिळालेली आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये बीबीसीने वंशशुद्ध कुत्र्यांच्या आजारांवर एक अनुबोधपट दाखविला. २००३ साली क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात सर्वोत्तम ठरलेल्या पेकिनीजच्या मृदुतालूवर शस्त्रक्रिया झालेली होती, हे त्यात सांगितले गेले. मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षी इंग्लंडच्या केनेल क्लबने पेकिनीजची संहिता सुधारली. पूर्वी बाजूने पाहता चेहरा चपटा असणे अपेक्षित होते. आता मुस्कट आखूड चालेल, पण ते दिसलेच पाहिजे, असे स्पष्ट लिहिले गेले. अमेरिकन संहितेत चपटेपणावरील भर राहिला; तेथील वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात २०१२ व २०२१ ह्या दोन्ही वर्षी पेकिनीजच सर्वश्रेष्ठ ठरले. नेदरलँड्सने त्याहून निराळा मार्ग धरला. तेथे विशेषण बाजूला ठेवून प्रमाण घेतले : २०१९ पासून, ज्याचे मुस्कट कवटीच्या लांबीच्या एक-तृतीयांशाहून आखूड आहे अशा कुत्र्याची पैदास करू नये असा दंडक लागू झाला. ‘आखूड’, ‘चपटे’, ‘माफक’ ह्या शब्दांचा ताणला जाण्याचा गुण पाहता मला हा मार्ग अधिक विश्वासार्ह वाटतो.

आपल्याकडे पेकिनीज विरळा. चपट्या नाकाचा परिचित प्रतिनिधी म्हणजे पग. २००३ मधील एका भ्रमणध्वनी कंपनीच्या जाहिरातीने तो घराघरांत पोचला आणि पुष्कळ लोक त्याला ‘हचचा कुत्रा’ म्हणू लागले. कंपनीचे नाव बदलल्यावर तो ‘व्होडाफोनचा’ झाला. कुत्रा आपल्या शरीरातील उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर घालवितो, आणि नेमके तेच चपट्या नाकाच्या कुत्र्याला नीट साधत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याला दुपारी बाहेर काढू नये, आणि त्याचे घोरणे कौतुकाचा विषय न करता एकदा पशुवैद्याला ऐकवावे.