कोळंबीच्या रक्तातील पहारेकरी

बाजारातून आणलेली कोळंबी सोलताना गृहिणीला कधीकधी एखादीच्या कवचावर काळा ठिपका आढळतो. कोळंबी बर्फाविना थोडा वेळ पडून राहिली, तर तिचे डोके काळवंडू लागते, हेही घरोघरी ठाऊक आहे. पहिला ठिपका हा बहुधा जुन्या जखमेचा व्रण असतो. दुसरा काळेपणा मरणानंतरचा. परंतु दोहोंच्या मुळाशी एकाच प्रकारची क्रिया असते आणि कोळंबी जिवंत असताना तीच क्रिया तिला जंतूंपासून वाचविण्याच्या कामी येते. त्या काळ्या ठिपक्याची व त्याच्या सोबत्यांची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे. तळ्यांत कोळंबी वाढवून पोट भरणाऱ्या असंख्य कुटुंबांचे नशीब तिच्याशी बांधलेले आहे.

गुलाबाचा काटा

प्रथम थोडे मागे जाऊ. सन 1882 चा डिसेंबर महिना होता. सिसिली बेटावरील मेसिना ह्या गावी एली मेचनिकॉफ नावाचे रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होते. एके दिवशी घरातील मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहण्यास गेली आणि मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसून राहिले. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे हिंडत होत्या, त्या ते न्याहाळीत होते. अंगात शिरलेल्या परक्या वस्तूला तोंड देण्यासाठी तर ह्या पेशी हिंडत नसतील ना, असा विचार त्यांच्या मनात चमकून गेला. ते तडक बागेत गेले. त्याच बागेत काही दिवसांपूर्वी मुलांसाठी संत्र्याच्या एका झुडपाचे नाताळचे झाड सजविले होते. तेथून त्यांनी गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लाच्या कातडीखाली टोचले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी पाहतात, तो त्या हिंडत्या पेशींनी काट्याभोवती गर्दी केलेली!

ज्या प्राण्यास पाठीचा कणा नाही, तोदेखील आपले रक्षण आपण करतो, हे त्या काट्याने दाखवून दिले. पुढे 1908 साली मेचनिकॉफ यांना जर्मनीचे पॉल एर्लिक यांच्यासमवेत वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लस न लागणारा प्राणी

मनुष्यास एकदा गोवर झाला, की त्याचे शरीर त्या रोगाची ओळख विसरत नाही. त्या रोगासाठी खास घडविलेली प्रतिद्रव्ये रक्तात तयार होतात. ह्याच स्मरणशक्तीच्या आधारावर आपण मुलांना लस टोचतो. कोळंबी, खेकडे, कालवे, तिसऱ्या ह्या प्राण्यांच्या शरीरात अशी प्रतिद्रव्ये निर्माण होत नाहीत. म्हणून नेहमीच्या अर्थाची लस त्यांना उपयोगी पडत नाही. आणि तरीही असंख्य जंतूंनी भरलेल्या पाण्यात त्यांचे वंश कोट्यवधी वर्षे टिकून राहिले आहेत. हे कसे?

कोळंबीच्या रक्तात फिरत्या पेशी असतात, तशीच पहारा देणारी प्रथिनेही असतात. जंतूंच्या आवरणात अशी काही द्रव्ये असतात, की जी कोळंबीच्या स्वतःच्या अंगात कोठेही सापडत नाहीत. पहारेकरी प्रथिने नेमकी तीच हुडकून त्यांना चिकटतात. ते घडताच एकामागून एक प्रथिने जागी होऊ लागतात. जणू वेशीवरच्या चौकीदाराची हाक ऐकून गावातील घरांत दिवे लागत जावेत. शेवटी मेलॅनिन नावाचे काळे द्रव्य तयार होते. ते आगंतुक जंतूला वेढून टाकते आणि ते बनत असताना निर्माण होणारी तिखट रसायने जंतूंना घातक ठरतात. जखमेच्या जागी रक्त गोठते व भगदाड बुजते. गृहिणीने पाहिलेला काळा ठिपका म्हणजे अशाच एका जुन्या लढाईची खूण होय. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात केनेथ सॉडरहॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यातील झिंग्यांवर अनेक दशके काम करून ह्या साखळीचे दुवे उलगडले.

इवली प्रथिने, मोठे काम

ह्या पहाऱ्यात आणखी एक तुकडी आहे, ती इवल्याशा प्रथिनांची. 1997 साली फ्रेंच संशोधकांनी व्हेनामी कोळंबीच्या रक्तपेशींतून अशी काही प्रथिने वेगळी काढली व त्यांस ‘पेनिडिन’ हे नाव दिले. ‘क्रस्टिन’ नावाचा दुसरा वर्गही माहीत आहे. तिसरा वर्ग प्रथम नालखेकड्यात सापडला व नंतर कोळंबीत. त्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ए.एल.एफ.’ म्हणतात. जंतूच्या बाह्य आवरणातील विषारी द्रव्यास तो घट्ट धरतो. ह्यांपैकी पुष्कळ प्रथिनांवर धन विद्युतभार असतो व जंतूंच्या आवरणावर ऋण. त्यामुळे ती जंतूकडे ओढली जातात, त्याला बिलगतात आणि त्याचे आवरण फाडतात.

हे पहारेकरी खरोखर किती मोलाचे, ह्याची परीक्षा थायलंडमधील संशोधकांनी घेतली. त्यांनी टायगर कोळंबीमध्ये ए.एल.एफ. वर्गातील एका प्रथिनाची निर्मिती बंद पाडली. बाहेरून कोणताही रोगजंतू टोचला नव्हता. तरीसुद्धा कोळंबीच्या रक्तातील जंतू झपाट्याने वाढले आणि कोळंबी मोठ्या संख्येने मेली. म्हणजे धडधाकट दिसणाऱ्या कोळंबीच्या अंगातही जंतूंना आवर घालण्याचे काम अहोरात्र चाललेले असते. आपल्याला ते दिसत नाही, इतकेच.

पहारा कोठे अपुरा पडतो

परंतु ह्या पहाऱ्यालाही मर्यादा आहे. 2009 च्या सुमारास चीनमधील तळ्यांत बीज सोडल्यावर महिन्याभराच्या आत कोळंबी मरू लागली. कित्येक तळी पार रिकामी झाली. रोग व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड असा पसरत 2013 साली मेक्सिकोत पोहोचला. बीज, खाद्य व वीज ह्यांसाठी कर्ज काढलेल्या घरांवर काय ओढवले असेल, ते वेगळे सांगावयास नको. अखेर 2013 साली अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात डोनाल्ड लाइटनर व लोक ट्रान यांच्या गटाने गुन्हेगार शोधून काढला. विब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा समुद्राच्या पाण्यात नेहमी आढळणाराच जंतू. मात्र त्याच्या काही वाणांना विष बनविण्याची शक्ती लाभली होती. असा जंतू कोळंबीच्या जठरात ठाण मांडतो आणि तेथून विष सोडतो. ते विष, कोळंबीच्या डोक्याच्या भागात जो तपकिरी मऊ गोळा असतो, त्या यकृतासमान अवयवाचा नाश करते. पहारेकरी रक्तात गस्त घालीत असतात आणि शत्रू रक्ताबाहेर, पोटात बसून घाव घालतो!

अशा वेळी घाबरलेला माणूस औषधाच्या डब्याकडे हात नेतो. तळ्यात प्रतिजैविके ओतली, तर काही जंतू मरतात व निगरगट्ट तेवढे उरतात. व्हिएतनाम व मेक्सिको येथे सापडलेल्या ह्या रोगाच्या जंतूंपैकी काहींवर नेहमीची प्रतिजैविके चालत नाहीत, असे आढळून आले आहे. औषधाचा अंश कोळंबीत सापडला, तर परदेशी गेलेला माल परत येतो. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान ह्यांसारख्या औषधांचा कोळंबीपालनात वापर करण्यास भारतात बंदी आहे. शिवाय तळे अगदी निर्जंतुक केले, की मोकळी झालेली जागा सर्वांत आधी भराभर वाढणारे विब्रिओच बळकावतात, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे.

पालकाच्या हाती काय आहे

मग उपाय कोणता? पहारेकऱ्यांना उपाशी व बेजार होऊ न देणे, हाच मुख्य उपाय होय. पाण्यातील प्राणवायू कमी झाला, सडलेल्या खाद्यामुळे अमोनिया वाढला, पावसाने पाण्याचा खारेपणा एकाएकी उतरला, म्हणजे कोळंबीच्या रक्तातील लढाऊ पेशी घटतात व ती रोगास लवकर बळी पडते. कात टाकण्याच्या वेळी तर ती फारच नाजूक असते. म्हणून तपासलेले रोगमुक्त बीज घ्यावे, ते दाट सोडू नये, खाद्य मोजून टाकावे, तळातील गाळ काढावा व रात्री हवेची यंत्रे बंद पडू देऊ नयेत. यीस्टमधील काही द्रव्ये खाद्यात मिसळून पहारेकऱ्यांना सावध करण्याचे प्रयोगही झाले आहेत. पण त्यांचे फळ सर्वत्र सारखे मिळत नाही आणि घाण पाण्यावर तो उतारा नव्हे.

भारतात व्हेनामी कोळंबीच्या पालनास 2009 साली वाट मोकळी झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून गोव्यातील खाजनांत भरतीच्या पाण्याबरोबर मानशीच्या दारातून आत आलेली कोळंबी गावकरी धरीत आले आहेत. तेथे दाटी नव्हती आणि भरती-ओहोटी रोज पाणी पालटीत असे. आजच्या दाट तळ्यात भरती-ओहोटीचे ते काम माणसाने अंगावर घेतले आहे. ते त्याने चुकविले, तर कोळंबीच्या रक्तातील इवल्या पहारेकऱ्यांनी एकट्याने किती झुंजावे?