वृद्धांच्या मेंदूंतील अर्बुद आणि संयुक्त उपचार

शाळामास्तराला वैद्यकावर बोलण्याचा अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनांत येईल, आणि तो रास्त आहे. मी वैद्य नाहीं. परंतु तीन वर्षांपूर्वीं एका वृद्ध स्नेह्याच्या घरीं एक वाक्य माझ्या कानीं पडलें, आणि तेव्हांपासून हा विषय समजून घेण्याचा मीं यथाशक्ति प्रयत्न केला आहे. स्नेही त्र्याहत्तर वर्षांचे. रोजनिशी लिहितां लिहितां त्यांना साधे शब्द आठवेनासे झाले, उजवा हात जड पडूं लागला, आणि तपासणीअंतीं मेंदूंत अर्बुद निघालें. बाहेरच्या खोलींत मुलें म्हणत होतीं, "आतां ह्या वयांत त्यांना कशाला छळायचं?" आंतल्या खोलींत स्नेही जागे होते. त्यांना मात्र कोणी विचारलें नव्हतें.

ह्या 'कशाला'चें उत्तर आज शोधावयाचें आहे.

प्रौढांच्या मेंदूंतच उगम पावणाऱ्या घातक अर्बुदांत सर्वांत अधिक आढळणारें अर्बुद म्हणजे ग्लिओब्लास्टोमा. तें फार वेगानें वाढतें. त्याच्या पेशी निरोगी मेंदूंत मुळ्यांप्रमाणें शिरतात. म्हणून शस्त्रवैद्यानें दिसेल तेवढी गांठ काढली, तरी कांहीं पेशी मागें राहतातच. त्यांच्यावर दोन साधनें आहेत. किरणोपचार त्या पेशींतील डी. एन्. ए. नांवाचें सूत्र तोडतो. दुसरें साधन टेमोझोलोमाइड हें औषध. तें तोंडावाटे घेतां येतें, आणि त्याच सूत्राला इजा करतें. दोन्ही एकत्र योजल्यास लाभ होतो, हें २००५ सालीं युरोप व कॅनडा येथील प्रयोगानें सिद्ध झालें. परंतु त्यांतील रुग्ण १८ ते ७० वर्षांचे होते, आणि किरणांचा क्रम सहा आठवड्यांचा होता.

मग सत्तरीपुढील रुग्णांनीं काय करावें? २००४ सालीं कॅनडांतील एका प्रयोगानें अर्धें उत्तर दिलें होतें. साठ वर्षांवरील कांहीं रुग्णांना सहा आठवड्यांत तीस वेळां मिळून ६० ग्रे, तर इतरांना तीन आठवड्यांत पंधरा वेळां मिळून ४० ग्रे इतके किरण दिले. आयुष्याच्या मुदतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. रुग्णालयाच्या खेपा मात्र निम्म्यावर आल्या.

उरलेलें अर्धें उत्तर २०१७ सालीं मिळालें. अनेक देशांतील, ६५ वर्षें व त्यांपुढील वयाच्या ५६२ रुग्णांचे दोन गट केले. एकास तीन आठवड्यांचे किरण. दुसऱ्यास तेच किरण व जोडीला टेमोझोलोमाइड, आणि पुढें दर अठ्ठावीस दिवसांतून पांच दिवस तेंच औषध. ज्या मुदतीपर्यंत निम्मे रुग्ण जगले, ती मुदत पहिल्या गटांत ७.६ महिने, तर दुसऱ्यांत ९.३ महिने भरली. दोन वर्षांनंतर पहिल्या गटांतील शंभरांपैकीं सुमारें तीन, तर दुसऱ्या गटांतील सुमारें दहा रुग्ण हयात होते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. कित्येक अर्बुदांच्या पेशींजवळ एम्. जी. एम्. टी. नांवाचें द्रव्य असतें. औषधानें केलेली पडझड तें गवंड्याप्रमाणें सांधून टाकतें. कांहीं अर्बुदांत हा गवंडी तयार करणारें जनुक निद्रिस्त असतें. अशा रुग्णांत संयुक्त उपचारानें ती मुदत ७.७ वरून १३.५ महिन्यांवर गेली. काढलेल्या गांठीच्या तुकड्यावरून ही परीक्षा करतां येते.

आतां दुसरी बाजू. हा रोग बरा करण्याचा उपाय नव्हे. औषधानें मळमळ, वांती व बद्धकोष्ठ यांचा त्रास वाढतो. रक्तांतील पेशी घटतात, म्हणून वरचेवर रक्त तपासावें लागतें. तथापि दोन्ही गटांतील रुग्णांचें दैनंदिन स्वास्थ्य एकंदरींत सारखेंच राहिलें. मात्र हे रुग्ण स्वतःचें बरेचसें स्वतः करूं शकणारे होते, हें विसरतां कामा नये. अंथरुणास खिळलेल्या दुर्बळ रुग्णास दोहोंपैकीं एकच साधन, किंवा केवळ त्रास शमविणारी शुश्रूषा, हेंच योग्य ठरूं शकतें.

तात्पर्य, जन्मपत्रिकेंतील वर्षें मोजून उपचार नाकारणें हें जितकें चूक, तितकेंच न विचारतां ते लादणेंही चूक. अंगांत ताकद किती आहे, गांठीची परीक्षा काय सांगते, आणि रुग्णाची इच्छा काय, हे तीन प्रश्न आधीं विचारावे.

माझ्या स्नेह्यांना मुलानें अखेर विचारलें. त्यांनीं वैद्यांस एवढेंच विचारलें कीं, खेपा किती, आणि रात्रीं घरीं निजतां येईल ना? मग ते तयार झाले. पुढें ते आठ महिने जगले. त्यांतील किती दिवस उपचारानें दिले, हें कोणीच सांगूं शकणार नाहीं. पण निर्णय त्यांचा स्वतःचा होता, आणि तो घेतांना ते आंतल्या खोलींत एकटे नव्हते.