एअर रायफलला स्वस्त ट्रिगर बसवताय? थोडं थांबा

शाळेतून नेमबाजीला जाणारी मुलं आता आपल्याही घरांत दिसतात. मॅच रायफल परवडत नाही, मग साधी मोडून भरायची स्प्रिंगची एअर रायफल येते. तिचा चाप जड असतो, ओढताना निशाण हलतं. अशा वेळी बाहेरचा ट्रिगर बसवणं स्वस्तात पडतं.

घेताना नुसतं "हलका" एवढंच पाहू नका. आपल्याच मॉडेलचा आहे ना, आणि दोन टप्प्यांचा आहे का, ते बघा. पहिल्या टप्प्यात बोट सैल सरकतं, मग अडतं, आणि तिथून थोडा दाब दिला की गोळी सुटते. स्पर्धेत 10 मीटर एअर पिस्तुलाला किमान 500 ग्रॅम ट्रिगर लागतो, रायफलला अशी अट नाही. म्हणून लोक स्क्रू फिरवतच जातात. आम्हाला हे पटत नाही, विशेषतः मुलांच्या बाबतीत.

कारण खरा धोका गोळी भरताना असतो. ट्रिगर अडकून न राहता सुटला तर उघडी नळी झटक्यात मिटते. बोटं मोडतात! आतला खटका कानसने घासू नका. मुख्य स्प्रिंग सोडवावी लागत असेल तर काम कारागिरालाच द्या.

बसवल्यावर नळी मिटवून, तोंड गोळी अडवणाऱ्या पेटीकडे ठेवून दस्त्यावर रबरी हातोडीने ठोका. सुटली तर स्क्रू मागे घ्या. भरताना मात्र एक हात नळीवर हवाच, ट्रिगर कितीही चांगला असो.

परवान्याच्या बंदुकीला घरी हात लावू नका. तिच्या दुरुस्तीलाही परवानाधारक कारागीरच लागतो.