तितराच्या मागावर: पहिल्या फील्डवर्कची आखणी कशी करावी?

संशोधनात उतरू पाहणाऱ्यांना पहिल्या फील्डवर्कबद्दल हमखास प्रश्न पडतो: सुरुवात नेमकी कुठून करायची? आज त्याचं उत्तर जरा आडवाटेने शोधू. शिकाऱ्याकडून.

फेझंट हा आपल्या मोर, तितर, लावा यांच्याच कुळातला पक्षी. मूळचा आशियातला. 1880च्या दशकात तो चीनमधून अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये नेऊन सोडला. साउथ डकोटा राज्यात 1919 साली त्याच्या शिकारीचा पहिला हंगाम झाला. आजही तिथे लोक परवाना काढून, सार्वजनिक जमिनींचा नकाशा बघून, कुत्री सोबत घेऊन निघतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला चार प्रश्न सोडवावे लागतात. जमीन कोणाची? पक्षी कधी, कुठे असतो? कुत्रं काय करेल? आणि काहीच मिळालं नाही तर त्याचा अर्थ काय?

हेच चार प्रश्न आपण बुलढाणा जिल्ह्यातल्या राखी तितराला लावून बघू. फक्त आपल्या हातात बंदूक नाही, वही आहे.

जमीन आणि परवानगी

आपल्याकडे शिकारीचा विषयच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972चा, आणि 1991च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचे परवाने संपलेच. पण संशोधकाने या कायद्यातली 'शिकार' या शब्दाची व्याख्या एकदा नीट वाचावी. मारणं तर त्यात आहेच. पकडणं, फासे लावणं, हाकारा करणं, आमिष दाखवणं, इतकंच काय, अंडी-घरट्यांना त्रास देणंही त्यात येतं. म्हणजे "मी तर फक्त अभ्यास करतोय" हे उत्तर चालत नाही. पक्षी पकडून कडी घालायची असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ज्ञानगंगा, अंबाबरवा किंवा लोणार अभयारण्यात अभ्यासासाठी जायचं तरी प्रवेशाची लेखी परवानगी लागतेच. या कागदांना वेळ लागतो. वेळापत्रकात तो आधीच धरा.

अभयारण्याबाहेर काय? तितर राहतो तो बहुतेक गावाच्या ई-क्लास जमिनीवर, गायरानात, धुऱ्यावरच्या काटेरी झुडपांत आणि लोकांच्या वावरात. प्रत्येकाचा मालक वेगळा. वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकारी, गायरान असेल तर ग्रामपंचायत, वावर असेल तर शेतकरी. सातबारा कोणाच्या नावावर आहे ते तलाठ्याकडून समजून घ्या आणि भल्या पहाटे दुर्बीण घेऊन कोणाच्या तुरीत शिरण्याआधी त्यांना भेटा.

पक्षी कधी, कुठे

तितर पहाटे ओरडतो, रात्री बुटक्या काटेरी झाडांवर बसतो आणि धोका वाटला की उडण्याआधी पळतो. म्हणून फेरी सूर्योदयाच्या आसपासच हवी.

पक्ष्याच्या सवयीवर पद्धत कशी बेततात याचं सुंदर उदाहरण आयोवा राज्यात आहे. तिथे दर ऑगस्टमध्ये ठरावीक 30 मैलांच्या रस्त्यांवरून फेझंट मोजतात, तेही दव पडलेल्या सकाळीच. ओल्या गवतातून माद्या पिल्लांना घेऊन अंग वाळवायला रस्त्यावर येतात, म्हणून. आपणही हाच विचार करायचा. तूर उभी असताना तितर दिसणार नाही, काढणीनंतर धुऱ्यावर दिसेल. मग दोन महिन्यांचे आकडे थेट ताडून "संख्या वाढली" म्हणता येईल का? नाही. वाढलं ते दिसणं.

कुत्रं न्यावं का?

स्कॉटलंडमध्ये ग्राउज पक्षी मोजायला पॉइंटर कुत्री खरोखर वापरतात. ती वासावरून पक्षी दाखवतात आणि तिथेच थांबतात. त्यामागे अनेक महिन्यांचं शिक्षण असतं. आपल्या गावातलं कुत्रं थांबणार नाही, धावेल. त्यात आपल्याकडे हाकारणं हेच कायद्याने शिकारीत मोडतं. शिवाय तितर जमिनीवर घरटं करतो. उत्तर सरळ आहे: कुत्रं नको. गावातलं कुत्रं मागे आलंच तर तशी नोंद करा.

दिसला नाही म्हणजे नाही का?

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा, 2 किलोमीटरच्या सरळ रेषेवर चालताना तुम्हाला 6 तितर दिसले. रेषेपासून 10 मीटरच्या आत 4, आणि 10 ते 20 मीटरच्या पट्ट्यात 2. दोन्ही पट्ट्यांचं क्षेत्रफळ सारखं. तितर काही तुमची रेषा बघून बसत नाहीत. मग दूरच्या पट्ट्यातही साधारण 4 असायला हवे होते. म्हणजे अंदाजे निम्मे तुमच्या नजरेतून सुटले. 'डिस्टन्स सॅम्पलिंग' या पद्धतीचा गाभा एवढाच आहे. अंतर मोजून आपण न दिसलेल्यांचा हिशोब लावतो.

अर्थात 6 नोंदींवर काहीच ठरत नाही. साधारण 60 ते 80 नोंदी लागतात असं मानतात. आणि अंतर मोजायचं ते पक्षी पहिल्यांदा जिथे होता तिथपर्यंतचं, पळून थांबला तिथपर्यंतचं नाही. कुत्रं नको म्हणण्याचं हेही एक कारण आहे. ते आधीच पक्षी पळवतं आणि सगळी अंतरं खोटी ठरतात.

माहीतगार माणसं

बुलढाण्यात तितर कुठे बसतो हे फासेपारधी समाजातल्या जाणत्यांइतकं क्वचितच कोणाला माहीत असेल. पण 1871च्या कायद्याने इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या समाजांमध्ये पारधीही होते. 1952मध्ये तो कायदा गेला, संशय गेला नाही. म्हणून सोबत घ्याल तर कामाचे पैसे द्या, श्रेय कसं हवं ते त्यांनाच विचारा, आणि कोणावर केस होईल असं काही वहीत नावानिशी लिहू नका. शेजारच्या अकोला-वाशीम भागात 'संवेदना' संस्थेने याच समाजासोबत माळरानं आणि पक्षी जपण्याचं काम केलं आहे, ते जरूर समजून घ्या.

एवढा खटाटोप का? कारण सरकारी नोंदीत माळरान बऱ्याचदा 'पडीक' असतं. घाईच्या एका फेरीनंतर तुम्ही तक्त्यात शून्य लिहिलंत, तर उद्या तोच कागद दाखवून कोणी म्हणेल, "इथे काहीच नाही." म्हणून शून्याशेजारी नेहमी लिहा: किती तास, किती किलोमीटर, कोणता महिना, किती वाजता. शिकारी रिकाम्या हाताने परतला तर नुकसान त्याचं एकट्याचं. आपलं शून्य चुकलं तर जमीन तितराची जाते, आणि तिथे गुरं चारणाऱ्यांचीही.